नफ्याची वाटणी आणि कामाची कसोटी : जी. आय. पी. रेल्वेच्या १८४९च्या कराराचा विचार

सरकारी कामाच्या करारात एक जुना पेच आहे. पैसा सरकारचा, काम मक्तेदाराचे, आणि त्या कामाची खरी प्रत कळावयाची ती पैसा देऊन झाल्यावर, काही पावसाळे उलटून गेल्यावर. किंमत आधीच बांधून दिली, तर मक्तेदार मालात कसर करतो. होईल तो खर्च भरून देण्याचे कबूल केले, तर काटकसर करण्याचे त्यास काही कारण उरत नाही. या दोहोंच्या मधला म्हणून जो मार्ग विसाव्या शतकात विशेष प्रचारात आला, त्यास आपण सोयीसाठी पारितोषिक-कलम म्हणू. मक्तेदारास त्याचा रास्त खर्च आणि लहानसा ठरीव मोबदला द्यावयाचा. याखेरीज काही रक्कम राखून ठेवावयाची. आणि दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सरकारी अधिकाऱ्यांच्या मंडळाने कामाची प्रत, वेळ आणि खर्च पाहून त्या राखीव रकमेतून मक्तेदारास किती द्यावे हे ठरवावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने १९६० नंतरच्या दशकात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, आणि त्यामुळे तिचा जन्मच तेथे झाला असा समज रूढ आहे.

नाव नवे आहे हे खरे. परंतु मक्तेदाराचा खर्च आणि व्याज सरकारने सांभाळावे, आणि काम चांगले चालविल्यास वरच्या नफ्यात त्यास वाटा द्यावा, ही कल्पना आपल्या शहराला पावणेदोनशे वर्षांपासून परिचित आहे. बोरीबंदरहून भायखळा, परळ, दादर आणि शीव यांच्या बाजूने ठाण्याकडे जाणारा जो लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, तो याच कल्पनेवर उभारलेल्या एका करारनाम्याचे फळ होय. त्या करारनाम्यातील नफ्याच्या वाटणीचे कलम आरंभी निष्फळ का ठरले, आणि १८७० मध्ये ते दुरुस्त केल्यावर सरकारास, म्हणजे पर्यायाने रयतेस, अधिकच महाग का पडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोहमार्गाची खटपट १८४५च्या सुमारास एकाच वेळी दोन ठिकाणी सुरू झाली. लंडनमध्ये जॉन चॅपमन या गृहस्थाने सह्याद्रीचे घाट ओलांडून वऱ्हाडच्या कापसापर्यंत जाणारा मार्ग कल्पिला. मुंबईत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाई आदी मंडळींनी त्याच सुमारास या कामी पुढाकार घेतला. गिरगावातील नानांचा वाडा आणि फोर्टातील व्यापारी पेढ्या यांच्यामध्ये या काळात जी ये-जा चालली असेल, तिची कल्पना करणे कठीण नाही. पण उत्साह मुंबईचा असला तरी भांडवल विलायतेतून यावयाचे होते, आणि १८४७च्या आर्थिक अरिष्टानंतर लंडनचा भांडवलवाला सहजी हात सैल करावयास तयार नव्हता. अनोळखी देश, अनोळखी पाऊस, प्रवासी गाडीत बसतील की नाही याचीच शंका. अशा धंद्यात निश्चित परतीवाचून पैसा कोण घालणार? ईस्ट इंडिया कंपनीने बरीच घासाघीस करून अखेर व्याजाची हमी मान्य केली. १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १७ ऑगस्ट रोजी करारनाम्यावर सह्या झाल्या. प्रारंभीचे भांडवल ५ लाख पौंड, आणि कामाचे स्वरूप प्रायोगिक असे ठरले.

हमीवाचून लोहमार्ग झालाच नसता काय, या प्रश्नावर अभ्यासकांत एकमत नाही. डॅनिएल थॉर्नर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या हमीमागील लंडनच्या आणि लँकेशायरच्या हितसंबंधांची जी उकल केली आहे, ती वाचल्यावर हमी ही निव्वळ निरुपायाने दिलेली सवलत होती असे म्हणणे अवघड होते. तथापि हा वाद आपणास येथे सोडवावयाचा नाही. हमी दिली गेली. ती कोणत्या शब्दांत दिली गेली, हे पाहावयाचे आहे.

कराराची मुदत ९९ वर्षांची होती. जमीन सरकारने फुकट द्यावयाची. भागधारकांनी भरलेल्या भांडवलावर सरकारने दरसाल ५ टक्के व्याजाची हमी द्यावयाची, आणि ही हमी भांडवल भरल्या दिवसापासून, म्हणजे रूळ पडण्याच्या कितीतरी आधीपासून, लागू व्हावयाची. हुंडणावळीचा दर रुपयास १ शिलिंग १० पेन्स असा कायमचा बांधून टाकलेला. निव्वळ उत्पन्न ५ टक्क्यांहून अधिक झाले, तर वरकड रकमेचे दोन समान भाग करावयाचे. अर्धा भागधारकांस, आणि उरलेला अर्धा सरकारने पूर्वी हमीपोटी भरलेल्या व्याजाच्या फेडीस. ती बाकी, तिच्यावरील सरळव्याजासह, एकदा फिटली की पुढची सारी वरकड भागधारकांची. धंदा आतबट्ट्याचा ठरला, तर सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या हवाली करण्याची आणि घातलेले भांडवल परत घेण्याची कंपनीस मुभा. उलटपक्षी २५ किंवा ५० वर्षांनंतर मार्ग विकत घेण्याचा सरकारास अधिकार; आणि त्या वेळची किंमत मागील तीन वर्षांतील भागांच्या बाजारभावाच्या सरासरीवरून ठरवावयाची. या शेवटच्या कलमाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

वाटणीचे कलम प्रथमदर्शनी उदार आणि शहाणपणाचे दिसते. अर्धी वरकड आज, सारी वरकड उद्या. याहून मोठे आमिष ते कोणते? पण एक काल्पनिक हिशेब करून पाहावा. भांडवल २० लाख पौंड. त्यावर हमीचे व्याज वर्षास १ लाख. मार्गाचे निव्वळ उत्पन्न ४० हजार झाले, तर सरकार ६० हजार घालणार आणि भागधारकांस १ लाख मिळणार. व्यवस्थापकांनी कसोशीने काटकसर करून उत्पन्न ७० हजारांवर नेले, तर सरकार ३० हजार घालणार. भागधारकांस मात्र तेच १ लाख. शून्यापासून १ लाखापर्यंतच्या प्रत्येक पौंडाची मेहनत कंपनीची आणि फायदा सरकारचा. बक्षीस सुरू होते ते १ लाखाच्या उंबरठ्यापलीकडे, आणि त्या उंबरठ्याच्या अलीकडे दंडही नाही. जो मार्ग उंबरठ्याजवळ पोहोचला असेल त्याच्या चालकांस हे कलम हुरूप देऊ शकेल. जो अजून डोंगर फोडीत आहे त्यास त्याचा उपयोग काय? आणि कामाची प्रत, खर्चाचे मान, कंत्राटांची निवड हे सारे ठरते ते तर बांधणीच्या वर्षांतच. म्हणजे ज्या काळात शिस्तीची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच काळात कलम मुके होते.

किंबहुना ते मुके होते असे म्हणणेही सौम्य ठरेल. खर्च झालेला प्रत्येक पौंड भांडवलात जमा होई, आणि भांडवलात जमा झालेला प्रत्येक पौंड ५ टक्के मिळवू लागे. दुरुस्ती कोणती आणि नवी बांधणी कोणती, ही सीमा जमाखर्चात नेहमीच थोडी धूसर असते. जी. आय. पी.चा कारखाना १८७९ मध्ये परळास उभा राहिला, आणि पुढे तेथील भोंग्यावर आजूबाजूच्या वस्तीचा दिनक्रम बांधला गेला. अशा कारखान्यातील एखादे यंत्र बदलले, तर तो खर्च महसुली धरावयाचा की भांडवली, हा प्रश्न हिशेबनिसाच्या लेखणीचा वाटतो. पण महसुली धरल्यास वरकड घटते आणि भांडवली धरल्यास हमीचा पाया रुंदावतो, एवढे लक्षात घेतले म्हणजे लेखणी कोणत्या बाजूस झुकण्याचा मोह होता ते कळते. प्रत्येक वेळी ती तशी झुकली असा माझा आरोप नाही. करारात तिला सरळ धरणारे काही नव्हते, एवढेच म्हणावयाचे आहे.

खर्चाचे अंदाज आणि प्रत्यक्ष यांत मोठी तफावत पडली. हिंदुस्थानातील लोहमार्गास मैली सुमारे ८ हजार पौंड पडतील असा आरंभीचा अंदाज होता. हमीच्या मार्गांचा सरासरी खर्च १८६०च्या दशकाअखेर मैली १७-१८ हजारांच्या घरात गेला. हा सगळा फरक हमीच्या माथी मारणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. साडेपाच फुटी रुंद मापाचा रूळ, विलायतेहून येणारे लोखंड, १८५७चा उठाव, आणि आपल्या बाजूस घाटांची चढण, ही कारणे स्वतंत्र आहेत. एकट्या भोरघाटाच्या पावणेसोळा मैलांत मार्ग १,८३१ फूट चढतो, त्यासाठी २५ बोगदे खणावे लागले, आणि खर्च ११ लाख पौंडांच्या आसपास गेला. जगातील कोणत्याही करारपद्धतीने हे काम स्वस्तात झाले नसते. तसेच कंपनीची सर्वच माणसे ५ टक्क्यांच्या आश्रयाने सुस्तावली होती असे समजणेही अन्यायाचे होईल. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी घाटाच्या आखणीसाठी घेतलेले श्रम आणि १८६० साली लंडनच्या स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेला त्यांचा निबंध पाहिला, म्हणजे व्यवसायाभिमान हीदेखील एक प्रेरणा असते, आणि ती कोणत्याही कलमात लिहिलेली नसते, हे पटते.

घाटाच्या कामाचा मात्र आणखी एक धडा आहे, आणि हमीपद्धतीवरील चर्चेत त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. वरच्या मजल्यावर, म्हणजे सरकार आणि रेल्वे कंपनी यांच्यात, जोखीम जवळजवळ नव्हतीच. खालच्या मजल्यावर, म्हणजे कंपनी आणि तिचे मक्तेदार यांच्यात, ती पुरेपूर होती. मुंबई-ठाणे भागाचे काम फेव्हिएल आणि फौलर यांनी केले होते. भोरघाटाचा मक्ता १८५५ मध्ये फेव्हिएल यांना मिळाला. काम रेंगाळले. १८५९च्या जानेवारीत खंडाळ्याकडे मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांचा मोठा दंगा झाला, आणि त्याच वर्षी फेव्हिएल यांनी मक्ता सोडला. पुढे तो सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतला. ते येथे येऊन महिन्याच्या आतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी दोन इंजिनियरांच्या हाती व्यवस्था सोपवून मक्ता पुढे चालविला आणि पुरा केला. १८६१ मध्ये घाटावर ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती. एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. पटकीच्या साथींत या माणसांपैकी किती दगावली याचा पक्का हिशेब कोणी ठेवला नाही. लंडनमध्ये दर सहामाहीस व्याज मात्र पै न पै मोजून दिले जात होते.

येथे कराराच्या रचनेतील विपरीतपणा उघड होतो. ज्यांच्या हाती मार्गाची आखणी, देखरेख आणि मक्त्यांची निवड होती, त्या कंपनीस तोट्याची भीती नव्हती. ज्या मक्तेदारास पाऊस, रोगराई आणि कातळ यांपैकी कशावरही सत्ता नव्हती, त्याच्या शिरावर ठरल्या दराचे ओझे होते. ते तो मुकादमावर ढकली, आणि मुकादम मजुरावर. बाकी थकली की ती सर्वांत खालच्या पायरीवर थकली. जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते, हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी जाणतातच. पण खंडाळ्याच्या दंग्याकडे कामगार-इतिहासाइतकेच करारनाम्याच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणूनही पाहावयास हवे. १८६७च्या पावसाळ्यात भोरघाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला आणि दगडी बांधकामांच्या प्रतीविषयी सर्वत्र तपास सुरू झाला. मार्ग खुला होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, आणि मक्तेदाराचा हिशेब केव्हाच चुकता झाला होता.

बक्षीस आणि दंड यांचे काम करारातील कलमे करीत नाहीत, तेव्हा ते देखरेखीवर येऊन पडते. सरकारने मुंबईत आपला सल्लागार इंजिनियर नेमला. कंपनीचे नकाशे, अंदाज आणि मक्ते त्याच्या संमतीवाचून पुढे जात नसत. लंडनच्या संचालक मंडळावर सरकारचा एक पदसिद्ध संचालक बसे, आणि त्यास नकाराधिकार होता. हे पद पुढे दीर्घकाळ सांभाळणारे जूलंड डॅन्व्हर्स यांचे वार्षिक अहवाल म्हणजे या विषयाच्या अभ्यासकास मोठीच ठेव आहे. पण देखरेखीने दुहेरी तक्रार मात्र निर्माण केली. कंपनी म्हणे, बारीकसारीक बाबींसाठी पत्रव्यवहारात महिने जातात. सरकार म्हणे, खर्च तरीही आवरत नाही. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. शिवाय अंदाजपत्रकावर सरकारी इंजिनियरची सही झाली की, त्या खर्चाच्या शहाणपणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायमचा गढूळ होई. संमती देणारा पैसा खर्च करीत नव्हता, आणि खर्च करणारा संमतीकडे बोट दाखवू शकत होता. पार्लमेंटच्या १८७२च्या चौकशी समितीपुढे हिंदुस्थानचे माजी वित्तमंत्री विल्यम मॅसी यांनी साक्ष दिली, तिचा आशय असा : पाच टक्क्यांची हमी मिळाल्यावर, आपला पैसा हुगळीत बुडविला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, इंग्रज भांडवलवाल्यास दोन्ही सारखेच होते. या विधानात साक्षीदाराचा त्रागा आहे, आणि त्रागा वजा केला तरी जे उरते ते पुरेसे आहे.

मॅसी यांची साक्ष झाली त्याच्या दोनच वर्षे आधी सरकारने जी. आय. पी.शी करार दुरुस्त केला होता. या दुरुस्तीचा सविस्तर विचार करणे अवश्य आहे. हमीपोटी भरलेल्या व्याजाची साचलेली बाकी फार फुगली होती, आणि ती फिटण्याची आशा मावळली होती. तेव्हा १८७०च्या कराराने सरकारने ती बाकी सोडून दिली; २५व्या वर्षी मार्ग विकत घेण्याचा अधिकारही सोडला, म्हणजे खरेदी १९०० पर्यंत पुढे गेली; आणि याच्या बदल्यात प्रत्येक सहामाहीच्या वरकड नफ्याचा अर्धा हिस्सा कायमचा पदरात पाडून घेतला. गिरगावच्या किनाऱ्याने चर्नी रोड, मरीन लाइन्स अशी जाणारी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे हीसुद्धा १८५५ पासून हमीच्याच करारावर चालत होती. तिच्याशीही याच धर्तीची तडजोड झाली. कागदावर पाहता सौदा वाईट नव्हता. कंपनीच्या डोक्यावरील जुने ओझे गेले, बक्षीस हाताच्या अंतरावर आले, सरकारास नगद हिस्सा मिळू लागला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर प्रोत्साहन प्रभावी झाले.

पण मोजमाप सहामाहीचे होते, आणि मुंबईचा व्यापार ऋतूंचा. कापूस आणि गळिताची धान्ये उघाडीच्या महिन्यांत बंदराकडे धावतात. पावसाळ्याच्या सहामाहीत वाहतूक मंदावते. पूर्वीच्याच उदाहरणात सहामाहीची हमी ५० हजार धरू. जानेवारी ते जून या काळात निव्वळ उत्पन्न ७० हजार झाले; वरकड २० हजार; त्यातील १० कंपनीस, १० सरकारास. जुलै ते डिसेंबरमध्ये उत्पन्न २५ हजारच झाले. उरलेले २५ सरकारने भरले. आता वर्षाची बेरीज करा. मार्गाने मिळविले ९५ हजार, म्हणजे हमीच्या लाखाहून पाच हजार कमी. तरीही भागधारकांस मिळाले १ लाख १० हजार, आणि सरकारच्या पदरी निव्वळ भुर्दंड पडला १५ हजारांचा. ज्या वर्षी मार्ग हमीपुरतेही कमवू शकला नाही, त्याच वर्षी त्यास उत्तम कामगिरीचे बक्षीस मिळाले.

याहून मोठा घोटाळा हुंडणावळीने केला. करारातील दर १ शिलिंग १० पेन्सांचा. १८७३ नंतर चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला, आणि १८९०च्या दशकात तो १ शिलिंग ३ पेन्सांच्या आणि काही काळ त्याहूनही खाली आला. वरकड नफा मात्र जुन्या कराराच्या दरानेच मोजला जाई. एका सहामाहीत मार्गाने ६ लाख रुपये निव्वळ मिळविले असे समजू. कराराच्या दराने त्याचे ५५ हजार पौंड होतात. हमी ५० हजारांची. म्हणजे वरकड ५ हजार, आणि कंपनीचे बक्षीस अडीच हजार. प्रत्यक्ष बाजारात १ शिलिंग ३ पेन्सांच्या दराने त्याच ६ लाखांचे होतात साडेसदतीस हजार पौंड. लंडनमध्ये सरकारास द्यावयाचे आहेत साडेबावन्न हजार. पंधरा हजारांची ही खिंडारे बुजवावयाची कोठून? हिंदुस्थानच्या महसुलातून. अर्थात मिठावरील करातून आणि जमीनसाऱ्यातून. वहीत नफा दिसत होता, त्याची वाटणी होत होती, आणि तिजोरीतून पैसा जात होता. या व्यवहारात कोणी लबाडी केली नाही. दोन्ही पक्षांनी करारातील प्रत्येक शब्द पाळला, आणि मला वाटते, या प्रकरणाकडे जाणत्या अभ्यासकांनी वळावे याचे कारण तेच आहे.

हे आकडे तत्कालीन हिंदी विचारवंतांच्या नजरेतून सुटले नव्हते. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे मुंबईचे दिनशा वाच्छा आणि पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या साक्षी झाल्या; दादाभाई नौरोजी तर त्या आयोगाचे सभासदच होते. लोहमार्गांच्या वाढीचा भार हिंदी महसुलावर कसा पडतो, हा त्या साक्षींतील एक प्रमुख धागा होता. पण येथे न्यायमूर्ती रानडे यांची भूमिका थोडी निराळी होती, आणि ती विसरता कामा नये. हमीच्या तत्त्वालाच त्यांचा विरोध नव्हता. लोहमार्गांसाठी सरकार तटस्थपणाचे धोरण सोडून भांडवलाची पाठराखण करू शकते, तर देशी उद्योगधंद्यांस तोच आधार का देऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. गोखले-वाच्छा यांची टीका आणि रानड्यांचा प्रश्न यांत मला विरोध दिसत नाही. हमी द्यावी की न द्यावी हा धोरणाचा प्रश्न. दिलेल्या हमीच्या आत बक्षिसाचे माप काय असावे हा करारशास्त्राचा. पहिल्यावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. दुसऱ्यावर फारच थोडे.

दुसरा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने डिसेंबर २००५ मध्ये संरक्षण खात्याच्या पारितोषिक-कलमांविषयी अहवाल दिला. पाच वर्षांच्या काळातील करारांवर सुमारे ८ अब्ज डॉलर पारितोषिकादाखल दिले गेले, आणि प्रत्यक्ष कामाचा परिणाम काय झाला याचा त्या देण्याशी फारसा संबंध नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. काम रेंगाळले, खर्च वाढला, तरी राखीव रकमेचा बहुतेक भाग मक्तेदारांस मिळत गेला. एका मुदतीत न मिळालेली रक्कम पुढच्या मुदतीत पुन्हा मिळविण्याची संधीही दिली जाई. जी. आय. पी.च्या सहामाहीशी परिचय असलेल्या वाचकास हे वर्णन ओळखीचे वाटेल. फरक आहे तो एवढाच की, तेथे निर्णय अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोडलेला होता, आणि येथे तो गणिताच्या सूत्रावर. १८७०च्या करारात विवेकास जागाच नव्हती. सहामाहीचा आकडा आला की वाटणी आपोआप होई. अमेरिकेत विवेकास भरपूर जागा होती, आणि रोज ज्याच्याशी काम करावयाचे त्या मक्तेदारास वाईट शेरा देण्याचे अधिकाऱ्यांनी टाळले. सूत्र आंधळे असते, आणि विवेक भिडस्त.

आपल्याकडील सरकारी व्यवहार या दोहोंपासून दूर राहिला आहे. २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी खर्चाधिष्ठित करार सामान्यतः टाळावेत असेच सांगितले आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या करार-अटींत वेळेआधी काम पुरे केल्यास महिन्यास निविदामूल्याच्या १ टक्का, आणि जास्तीत जास्त ५ टक्के, असा बोनस देण्याचे कलम आहे. तारीख हे सर्वांत सोपे माप. त्यात वाद कमी. पण पूल पाचव्या पावसाळ्यात उभा राहील की नाही हे तारखेवरून कळत नाही, आणि १८६७च्या पावसाळ्याने मुंबईकरांस जे शिकविले ते नेमके हेच होते.

आता मागे राखून ठेवलेल्या कलमाकडे वळू. १८४९च्या करारानुसार खरेदीची किंमत ठरावयाची होती ती मागील तीन वर्षांतील भागांच्या सरासरी बाजारभावावरून. बाजारभाव ठरतो तो मिळणाऱ्या उत्पन्नावरून. आणि ते उत्पन्न म्हणजे पाच टक्क्यांची सरकारी हमी, अधिक सहामाहीच्या आणि गोठलेल्या हुंडणावळीच्या हिशेबाने फुगलेली वरकड. म्हणजे सरकारने जी बक्षिसे तोट्यात असताना दिली, त्यांनीच भागांचा भाव दर्शनी किमतीच्या बराच वर चढविला, आणि तो चढलेला भाव सरकारासच पुन्हा मोजावा लागला. ३० जून १९०० रोजी जी. आय. पी. सरकारी मालकीची झाली. चालविण्याचे काम मात्र ठरीव व्याज आणि वरकडीतील अल्पसा वाटा या अटींवर कंपनीकडेच राहिले, आणि ते १९२५ मध्ये सरकारने आपल्या हाती घेतले. खरेदीची किंमत एकरकमी न देता वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले. त्या हप्त्यांची मुदत बांधली होती ती मूळ करारातील ९९ वर्षे भरेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट १९४८ पर्यंत.